पटावर नसलेली मुलं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना वेळेअभावी राहिलेले एक-दोन मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर पंधरा मिनिटं बोल." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, एआयवर बोलणारे आता गल्लोगल्ली झाले आहेत. शिवाय आपल्यापैकी निम्म्यांची मुलं त्यातच शिकतात, ती मला प्रश्न विचारून गप्प करतील. म्हणून मी विषय बदलला आहे. संयोजकांनी माफ करावं. आज मी हजेरीपटाबद्दल बोलणार आहे.

सरांच्या चेहऱ्यावर हसू दिसतंय. कारण पाचवीत हजेरीपट स्टाफरूममधून आणायचं आणि परत नेऊन ठेवायचं काम माझ्याकडे होतं. त्या निळ्या-लाल रेघांच्या वहीचा मला भारी अभिमान होता. आपल्या वर्गाचा पट होता सत्तेचाळीस. सर नंबर पुकारायचे, आपण "हजर सर" म्हणायचो.

आता एक गोष्ट आठवून बघा. त्या वर्षी दिवाळीनंतर दीड-दोन महिने, सत्तेचाळीस नंबर झाला की मागच्या भिंतीजवळून आणखी एक आवाज यायचा. नंबर नाही, नाव पुकारलेलं नाही, पण "हजर सर." आठवतंय? आठवडी बाजाराच्या मागच्या पडीत जागेवर पालं पडली होती, तिथली ती मुलगी. तिच्याजवळ दाखला नव्हता, म्हणून तिचं नाव दाखलखारीज रजिस्टरात चढलं नव्हतं आणि म्हणून हजेरीपटावरही नव्हतं. सरांनी तिला हाकललं नाही, बसू दिलं. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती, आणि ती आज सरांसमोर सांगायला मिळते आहे याचा मला आनंद आहे. पण आपण सगळे तिच्या "हजर सर"ला हसायचो. मीही हसायचे.

एक दिवस तो आवाज आला नाही. मधल्या सुट्टीत कुणीतरी सांगितलं, पालं उठली. मी वही नेऊन ठेवली. त्या दिवशीच्या रकान्यात पट सत्तेचाळीस, हजर शेहेचाळीस, गैरहजर एक. गैरहजर होता तो तापाने घरी राहिलेला आपलाच एक मित्र. जी खरोखर गेली होती, तिची त्या वहीत कुठे नोंदच नव्हती. वही अगदी बरोबर होती, बेरीज जुळत होती.

हे मला तेव्हा कळलं नाही. तीस वर्षं गेली, इंजिनीअर झाले, पोट भरण्यासाठी लोकांची माहिती रकान्यांत बसवायचं काम केलं, आणि मग स्वतःच्या हातून तीच चूक झाली तेव्हा कळलं. ती चूक आज सांगायची आहे.

त्याआधी एक गंमत. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर जिल्हा भंडारा आहे. आपल्या सगळ्यांच्याच आहे, आपण १९९७ची बॅच. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा झाला. आपली शाळा जागची हलली नाही, घरं हलली नाहीत, तरी एका रात्रीत आपला जिल्हा बदलला. मला पासपोर्ट काढताना यावरून दोन फेऱ्या माराव्या लागल्या. मी शिकलेली, हातात कागद असलेली बाई. कागद आणि मुक्काम जुळत नाहीत म्हणून मला दोन फेऱ्या पडल्या. ज्यांचा मुक्काम दर चार महिन्यांनी बदलतो आणि ज्यांच्या हातात कागद नसतो, त्यांना किती फेऱ्या पडत असतील?

आता मुद्द्याकडे. आपल्याच वर्गातली एक मैत्रीण आज आपल्या जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. ती इथे बसली आहे. नाव घेऊ नको असं तिने बजावलंय, म्हणून घेत नाही. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत मी माहेरी आले होते, तेव्हा ती म्हणाली, "धान निघालं की माझ्या वर्गातले अर्धे बाक रिकामे होतात, आणि तेव्हाच गावाबाहेरच्या वीटभट्टीवर नवीन लेकरं येतात. गेलेली कुठे गेली ते लिहायला जागा नाही, आलेली कुठून आली ते लिहायला जागा नाही. तू कंप्युटरवाली आहेस ना? काहीतरी कर."

आपल्याकडचं हे चक्र तुम्हाला सांगायला नको. कापणी-मळणी आटोपली, मंडई झाली, की सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या टोल्यांमधून माणसं कामाला निघतात. कुणी नागपूरला, कुणी रायपूरला, कुणी पार हैदराबादला. आणि त्याच वेळी छत्तीसगडमधून, बालाघाटकडून बिऱ्हाडं आपल्याकडे भट्ट्यांवर येतात. पालं टाकून राहणारी भटकी कुटुंबं वेगळी. गोंदिया जंक्शनच्या फलाटावर रात्र काढणारी मुलं वेगळी. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर जाणारी आणखी वेगळी. पावसाला सुरुवात झाली की भट्ट्या बंद आणि सगळे आपापल्या दिशेने.

मी उत्साहाने मोबाईलवर भरायचा एक छोटा फॉर्म तयार करून दिला. सात-आठ शाळांच्या शिक्षकांनी तो वापरायचा ठरवलं. सरकारी काही नाही, आपसातलं काम. कोणत्या शाळेच्या हद्दीत कोणती नवीन मुलं आली ते कळावं, आणि पाठ्यपुस्तकं, पाट्या, शालेय पोषण आहार यांची तजवीज वेळेवर व्हावी, एवढाच हेतू. माझ्या सवयीप्रमाणे मी काही रकाने सक्तीचे केले: संपूर्ण नाव, आडनाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, पिनकोड, पालकांचा दहा अंकी मोबाईल नंबर. हे भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकणार नाही. आमच्या धंद्यात याला शिस्त म्हणतात.

पंधरा दिवसांनी पुण्यात बसून मी यादी उघडली. एका शाळेतून चौदा मुलं, सगळ्यांचा मोबाईल नंबर एकच, पत्ता एकच, जन्मतारीख सगळ्यांची १ जून. मला वाटलं, कुणीतरी खोटी नावं भरली आहेत. डोक्यात २०११ची पटपडताळणी होती. तुम्हाला आठवत असेल, ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी शाळाशाळांतून मुलांची डोकी मोजली होती, एकाच मुलाला दोनदा दाखवू नये म्हणून बोटाला शाई लावली होती, आणि पटावर असलेली पण प्रत्यक्षात नसलेली मुलं मोठ्या संख्येने उघडकीस आली होती. तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्या मनात पक्कं बसलंय की पट म्हटला की तो फुगवलेलाच असणार. मी त्या चौदा नोंदी संशयित म्हणून बाजूला काढल्या आणि यादी स्वच्छ करून पाठवून दिली. त्याच यादीवरून पुस्तकांचं वाटप ठरलं.

तीन आठवड्यांनी मैत्रिणीचा फोन. "अगं, माझे चौदा लेकरं कुठं गेले?"

मोबाईल नंबर तिचा स्वतःचा होता. पत्ता शाळेचा होता. आईवडिलांकडे नंबर होता, पण दर महिन्याला बदलणारा, बहुतेक वेळा बंद. पत्ता विचारला तर म्हणत, "भट्टीवर." जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती. फॉर्म पुढे सरकेना म्हणून तिने जे जमलं ते भरलं. म्हणजे पटावर नसलेली मुलं मोजायला मी फॉर्म केला, आणि मुलं खरी असूनही त्यांना खोटी ठरवून मीच खोडलं. पुस्तकं पोहोचेपर्यंत त्यातली दोन बिऱ्हाडं दुसऱ्या भट्टीवर निघून गेली होती. पाच मुलं. ती पुढे कोणत्या शाळेत बसली की नाही बसली, हे आजही आम्हाला कळलेलं नाही.

माझ्यावर कुणी रागावलं नाही. ही फुकटची मदत होती, कोण रागावणार? पण त्या रात्री मला मागच्या भिंतीजवळचा "हजर सर" ऐकू आला, हे मी खरं सांगते.

मग मी या विषयाच्या मागे लागले. जे समजलं ते थोडक्यात सांगते. कारण आपल्यात शिक्षक आहेत, सरपंच आहेत, धानगिरणीवाले आहेत, ठेकेदार आहेत, आणि प्रत्येकाचा यात हात लागू शकतो.

पहिली गोष्ट: बेघर कुणाला म्हणायचं, इथूनच घोळ सुरू होतो. जनगणनेत ज्यांना घर म्हणता येईल अशा बांधकामात जे राहत नाहीत ते बेघर. रस्त्याच्या कडेला, फलाटावर, पुलाखाली, मोठ्या सिमेंटच्या पाइपांत, देवळाच्या ओट्यावर झोपणारे. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत त्यांची मोजणी झाली आणि देशभरात सुमारे १७ लाख ७० हजार माणसं निघाली. पण भट्टीवर कच्च्या विटा रचून, वर पत्रा टाकून केलेली चार हातांची खोली ही घर की बेघर? वरती छप्पर आहे. पण मे महिन्यात ती मोडून त्याच विटा विकल्या जातात. काकाच्या एका खोलीत नऊ जणांत झोपणारं मूल बेघर की घरचं? केंद्राने २०१६-१७ साली प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र माहिती घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या नमुन्यात बेघर असा रकाना होता. पालकांसह बेघर, मोठ्यांच्या आधाराशिवाय बेघर, किंवा लागू नाही. रकाना चांगलाच होता. पण मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, "आम्ही सगळ्यांना लागू नाही लिहिलं. बेघर म्हणजे भीक मागणारे, असंच आम्हाला वाटलं. वर्गातल्या लेकराला बेघर कसं म्हणायचं?" रकाना असून भागत नाही. भरणाऱ्याला त्याचा अर्थ कळला पाहिजे आणि लिहिताना त्याचा हात थरथरायला नको.

इथे मला अमेरिकेतला एक अनुभव सांगावासा वाटतो. काही वर्षं आम्ही न्यू जर्सीत होतो. मुलीला तिथल्या सरकारी शाळेत घालताना एक कागद भरून घेतला. त्यात "तुम्ही बेघर आहात का?" असं विचारलं नव्हतं. विचारलं होतं, मूल सध्या रात्री कुठे राहतं? स्वतःच्या किंवा भाड्याच्या घरात, नातेवाइकांकडे अडचणीमुळे, लॉजमध्ये, निवाऱ्यात, गाडीत, उघड्यावर. आणि हा कागद सगळ्यांना भरायला लागतो, त्यामुळे कुणाला कमीपणा वाटत नाही. तिथे १९८७चा कायदा आहे. ज्या मुलाला कायमची, नियमित आणि पुरेशी अशी रात्रीची जागा नाही, ते बेघर. अडचणीमुळे नातेवाइकांकडे राहणारंसुद्धा. प्रत्येक भागातल्या शाळांसाठी अशा मुलांची जबाबदारी असलेला एक माणूस नेमावा लागतो, आणि कागदपत्र नाहीत म्हणून प्रवेश अडवता येत नाही. एकट्या न्यूयॉर्क शहराच्या शाळांत दरवर्षी लाखाहून जास्त मुलं अशी मोजली जातात. पहिल्यांदा हा आकडा ऐकला तेव्हा मला वाटलं, एवढ्या श्रीमंत शहरात एवढी बेघर मुलं? नंतर कळलं, ती दिसतात कारण त्यांना कुणीतरी मोजायला बसलंय.

आपल्याकडचा कायदा काही मागे नाही, हे मुद्दाम सांगते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या, हद्दीत राहणाऱ्या सगळ्या मुलांची नोंद ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांचा प्रवेश पक्का करणं हेही त्याचंच काम. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. वयाला शोभेल त्या वर्गात बसवायचं आणि राहिलेला अभ्यास वेगळा शिकवून भरून काढायचा. म्हणजे आज ती मुलगी आपल्या वर्गात आली असती, तर तिला अठ्ठेचाळीस नंबर पहिल्याच दिवशी मिळाला असता. मिळाला पाहिजे होता, असं म्हणते.

दुसरी गोष्ट: तारीख. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती आपल्यासारख्या धानपट्ट्यातल्या माणसालाच चटकन कळते. शाळेची मोठी माहिती, ज्याला यू-डायस म्हणतात ती, आणि शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता, दोन्ही ३० सप्टेंबरच्या पटावर चालतात. ३० सप्टेंबरला आपल्याकडे काय असतं? धान लोंबीवर आलेलं असतं. बाहेर जाणारं कुटुंब अजून गावातच असतं, मूल वर्गात असतं. बाहेरून भट्टीवर येणारं बिऱ्हाड अजून आलेलंच नसतं. त्या दिवशी कुणी खोटं न लिहिताही चित्र सुंदर दिसतं. शाळाबाह्य मुलांची सगळ्यात गाजलेली राज्यभरची पाहणी झाली ४ जुलै २०१५ला, एकाच दिवसात. तेव्हाही बोटाला शाई लावली होती. आलेला आकडा फारच कमी आहे म्हणून अनेक सामाजिक संस्थांनी आक्षेप घेतले. मिशन झिरो ड्रॉपआऊट झालं ५ ते २० जुलै २०२२ला. जुलैमध्ये आपल्या भट्टीवर कोण सापडणार? भट्टीत पाणी साचलेलं असतं आणि माणसं रोवणीला गेलेली असतात. कोरोनाच्या काळात मार्च २०२१ मध्ये दहा दिवसांची मोहीम झाली, तेव्हा भट्ट्यांचा हंगाम होता, पण शाळाच धड सुरू नव्हत्या. त्या वेळी राज्यभरातून २५ हजारांच्या आसपास मुलं नोंदली गेली.

या मोहिमा वाईट होत्या असं मला म्हणायचं नाही. शिक्षकांनी उन्हापावसात पायपीट केली. माझं म्हणणं एवढंच, की फिरत्या माणसाला एका दिवसात मोजता येत नाही. गावातल्या बोडीतलं पाणी वर्षातून एकदा मोजून वर्षभराचा हिशोब सांगितल्यासारखं ते होईल. त्यासाठी चालती वही लागते: आला त्या दिवशी लिहायचं, गेला त्या दिवशी लिहायचं.

तिसरी गोष्ट: खरं लिहिणाऱ्याला त्रास होता कामा नये. हे बोलणं थोडं कडू आहे. ज्या शाळेने "आमच्या हद्दीत शाळाबाह्य मुलं शून्य" असं लिहिलं, तिला कुणी काही विचारत नाही. जिने "बावीस" लिहिलं, तिला बावीस प्रश्न. दाखल का नाही केली? आधार का नाही? उपस्थिती का कमी? अलीकडे आधार जुळलेले विद्यार्थीच संचमान्यतेत धरायचे असं ठरलं. खोटी नावं काढायला तो उपाय आहे, मला मान्य आहे. पण भट्टीवरच्या मुलाचं आधार एक तर नसतं, नाहीतर त्यावर नाव वेगळं, जन्मसाल वेगळं. त्यामुळे शिक्षिका त्याला शिकवते, जेवू घालते, पण तिच्या पदाच्या हिशोबात तो धरला जात नाही. पाच-पंचवीस मुलांच्या टोल्यावरच्या शाळेत एकेका मुलावर एक पद टिकतं की जातं हे ठरतं. मग तुम्हीच सांगा, कुणाला उत्साह राहील? आमच्या धंद्यातला एक नियम आहे. रिकामी जागा आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे शोधलं आणि सापडलं नाही. रिकामी जागा म्हणजे शोधलंच नाही. कागदावर आपण रिकाम्या जागी शून्य लिहितो, आणि मुलं तिथेच हरवतात.

चौथी गोष्ट भीतीची आहे. मी मैत्रिणीबरोबर एका पालावर गेले होते. हातात वही दिसल्याबरोबर दोन बायका लेकरं घेऊन आत गेल्या. एक म्हातारबाबा पुढे आले, हात जोडून म्हणाले, "बाई, आम्ही काय केलं?" मला आधी वाईट वाटलं, मग वाचल्यावर कारण कळलं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी कितीतरी भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. त्यांच्या नावांचं रजिस्टर असे आणि त्यांना पोलिसांसमोर हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला, म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला, पण तीन पिढ्यांनी सांगितलेली गोष्ट जात नाही. आपल्यासाठी हजेरी म्हणजे सरांची वही. त्यांच्या आजोबांसाठी हजेरी म्हणजे ठाणं. म्हणून यादी करणाऱ्याने आधी ओळख करायची, चहा प्यायचा, मग लिहायचं. आणि जे लिहिलं ते फक्त शाळेसाठी वापरायचं. फोटो नाही, जात नाही, नकाशावर ठिपका नाही. पालं कुठे आहेत याची यादी शाळेच्या कामासाठी केली आणि ती जागा खाली करायला वापरली गेली, तर पुढच्या वेळी एकही मूल सापडणार नाही, आणि त्यात चूक आपली असेल.

तर मग आम्ही काय केलं? फॉर्म फेकून दिला आणि दुसरा केला. आता त्यात सक्तीचा रकाना एकच: मुलाचं हाक मारायचं नाव. बाकी सगळ्यांत "माहीत नाही" हे उत्तर चालतं. पत्त्याऐवजी विचारतो, रात्री कुठे झोपता? मोबाईल नंबरऐवजी विचारतो, तुम्ही कुठे आहात हे कुणाला विचारलं तर कळेल? उत्तर येतं: मुकादम, किराणा दुकानदार, गावाकडची मावशी. आणि असं सांगणारा माणूस नंबरपेक्षा जास्त टिकतो. जन्मतारखेऐवजी, कोरोनाच्या आधी चालायला लागली होती का? कधी आलात, कधी जाणार, याआधी कोणत्या शाळेत बसला होता. नाव मुलाच्या तोंडून ऐकून जसं ऐकलं तसं लिहायचं, कारण छत्तीसगडी उच्चार मराठीत लिहिताना एकाच नावाची तीन नावं होतात आणि मग एकाच मुलाची तीन मुलं. आणि निघताना पालकांच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यायचं, म्हणजे पुढच्या गावच्या शाळेत ते दाखवून बसता येतं. ही सोय सरकारची आहे, आमची नाही. आम्ही फक्त ते पत्रक बिऱ्हाड उठायच्या आधी हातात पडेल एवढं बघतो.

आणखी एक. एकाच नंबरवर चौदा मुलं दिसली की माझा प्रोग्रॅम आता त्यांना खोडत नाही. तो शिक्षिकेला विचारतो, "ही मुलं एकाच ठिकाणी राहतात का?" मशीनला शंका आली तर तिने विचारावं. खोडायचा अधिकार तिचा नाही, तो मुलांना डोळ्यांनी पाहणाऱ्या बाईचा.

यातून फार मोठं काही झालं असा दावा मी करणार नाही. सात-आठ शाळांपुरतं काम आहे. अजूनही पावसाळ्याआधी निघून गेलेल्यांपैकी पुष्कळांचं पुढे काय झालं ते कळत नाही. फरक एवढाच, की आता "कळत नाही" असं लिहून ठेवलेलं असतं, आणि पुढच्या दिवाळीत त्याच ओळीवर बोट ठेवून मुकादमाला विचारता येतं. मागच्या वर्षी अशीच एक मुलगी परत आली. मैत्रिणीने तिची ओळ काढून दाखवली, "हे बघ, तुझं नाव आहे." ती पुन्हा पुन्हा ते नाव बघत होती, असं मैत्रीण सांगते.

आता तुमच्याकडे मागणं. वर्गणी मागत नाही, घाबरू नका.

आपल्यात दोघा-तिघांच्या भट्ट्या आहेत, काही जण रस्त्याच्या कामांचे ठेकेदार आहेत. बिऱ्हाडं आली की आठ दिवसांत जवळच्या शाळेत एक फोन करा: इतकी कुटुंबं आली, इतकी लेकरं आहेत. आणि हिशोब करून ती निघायच्या आठ दिवस आधी दुसरा फोन. हे दोन फोन आमच्या सगळ्या सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचे आहेत.

जे सरपंच आहेत, सदस्य आहेत, त्यांनी दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत एक प्रश्न विचारावा: गावातून किती मुलं आईबापाबरोबर बाहेर गेली आणि गावात किती आली? आईबाप बाहेर असताना मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. पण मुलं गेल्यावर मागून ती मिळून काय उपयोग? माणसं निघायच्या आधी आकडा हातात पाहिजे.

आणि जे अधिकारी झालेत, त्यांना हात जोडून विनंती. एखाद्या शाळेचा आकडा शून्यावरून बावीसवर गेला, तर नोटीस काढण्याआधी एकदा त्या शाळेत जा. बहुधा तिथे नवीन बावीस मुलं आलेली नसतील, ती आधीपासून असतील. ती मोजणारी एक बाई नवीन आली असेल.

निवृत्त सर आणि बाईंना काय सांगणार? तुम्ही हजारो मुलांचे चेहरे लक्षात ठेवलेत. मागच्या बाकावर बसून गेलेली, पटावर न चढलेली एखादी दुसरी मुलं तुम्हालाही आठवत असतील. त्यांच्या गोष्टी आम्हाला सांगा, लिहून द्या. नावं नसली तरी चालेल. कोणत्या महिन्यात आली, कुठे उतरली होती, कधी गेली, एवढं कळलं तरी आपल्या भागातली बिऱ्हाडं कोणत्या वाटेने फिरतात ते समजेल. त्यातल्या पुष्कळ वाटा अजून तशाच आहेत.

काल रात्री सरांना भेटून मी त्या मुलीचं नाव विचारलं. सर बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "चेहरा आहे डोळ्यांसमोर, नाव नाही गं." माझंही तेच झालं आहे. आपल्यापैकी कुणाला आठवत असेल तर जेवणाच्या वेळी मला येऊन सांगा. मी वाट बघते.